मापं आणि कान

परवा मस्कतहून भाचीचा फोन आला. ती क्वांटिटी सर्व्हेयर आहे. म्हणजे इमारतीला किती काँक्रीट, किती लोखंड आणि किती पैसे लागतील हे मोजणारी. (आमच्याकडे अजूनही "इंजिनियरच ना ती?" असं विचारतात. असो.) पुढच्या महिन्यात तिची चार्टर्ड होण्यासाठीची आरआयसीएसची मुलाखत आहे.

"मामा, काम येतं रे मला. पण तासाभरात, अनोळखी माणसांसमोर, इंग्रजीत... माझं बोलणं ऐकूनच त्यांनी मत बनवलं तर?"

मी घाईघाईनं "छे गं!" म्हणालो. फोन ठेवल्यावर ते मलाच पटेना. उमेदवारीच्या काळात मी रात्री जागून केलेलं बीओक्यू एका ऑफिसात दुसऱ्यानंच मांडलं होतं. का, तर "तुझं इंग्लिश क्लायंटपुढे नको."

मग इतिहास वाचत बसलो, माझी जुनी खोड. ही संस्था १८६८ साली लंडनमध्ये निघाली. १८८१ मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे परीक्षा देऊन आत जायची वाट रुळली. ओळखीपाळखीपेक्षा कागद केव्हाही बरा, नाही का? पण बायकांना तिथे दारच बंद. १९१९ च्या कायद्यानं ते उघडलं आणि १९२२ मध्ये आयरीन बार्कले पहिली महिला चार्टर्ड सर्व्हेयर झाली. गंमत म्हणजे क्वांटिटी सर्व्हेयरांची १९०४ पासूनची वेगळी संघटनाही त्याच वर्षी या संस्थेत विलीन झाली. आयरीनबाईंनी पुढे लंडनच्या सेंट पँक्रस भागातल्या कोंदट, ओल्या घरांची पाहणी केली आणि ती राहण्याजोगी करण्यात आयुष्य घातलं. त्यांची योग्यता १९१८ मध्ये कमी नव्हती. तोवर मोजायलाच कुणी तयार नव्हतं, इतकंच.

आता दार उघडं आहे, पण शेवटी मुलाखत आहे. तिला नियमांचं कुंपण मात्र चांगलं आहे. एखादा विषय नुसता माहीत आहे, तो प्रत्यक्ष केलाय, की त्यावर कारणांसकट सल्ला दिलाय, अशा पायऱ्या ठरलेल्या. उमेदवारानं स्वतःच लिहून दिलेल्या कामावर प्रश्न. प्रक्रियेत चूक झाली तर अपील करता येतं, पण परीक्षकांना उत्तर पटलं नाही म्हणून नाही. हे मला योग्यच वाटतं, नाहीतर निकाल कधी लागायचाच नाही. फक्त, कानाला कुंपण कसं घालणार?

रविवारी फोनवर सराव घेतला. "ठेकेदारानं जादा कामाचे पैसे मागितले, तू मालकाला काय सल्ला दिलास?" मराठीत पाच मिनिटं अस्खलित बोलली पोरगी. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याला अडखळली. मला तरीही सगळं समजलं, आणि पंचाईत तीच आहे. माझे कान तिच्या बोलण्याला सरावलेत.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणी असली मुलाखत दिली असेल, तर तिच्यासाठी अर्धा तास काढाल का? अनोळखी कान हवाय.