नागपूरच्या वस्त्या, चौक आणि त्यांची नावे

नागपूरला दरवर्षी लाखो बांधव येतात. दीक्षाभूमी, इंदोरा, सीताबर्डी ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. ती कोठून आली, याची थोडी माहिती येथे देत आहोत.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून हे शहर वसवले. पुढे भोसले आले. त्यांच्या राजवाड्याचा परिसर तो महाल. जुन्या भागातील बरीच नावे आठवडी बाजारांवरून पडली आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. गोंडांच्या काळातला जुम्मा दरवाजा आज गांधी गेट झाला आहे. जुम्मा तलावाचा आधी शुक्रवारी तलाव झाला, म्हणजे वार तोच राहिला, भाषा बदलली. मग त्याचा गांधीसागर झाला. लोक मात्र अजून शुक्रवारीच म्हणतात.

उत्तर नागपुरातील बेझनबागचे नाव अनेकांना कोड्यात टाकते. ते एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक सर बेझनजी मेहता यांच्यावरून आले. जमशेदजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून गिरणीलाही ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. इंदोऱ्यात गिरणीने कामगारांसाठी वसाहत उभारली. नागपुरातील आपली चळवळ ज्यांच्या खांद्यावर वाढली, त्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. तरी वसाहतीला नाव मिळाले ते व्यवस्थापकाचे!

जातीची नावे हा वेगळाच विषय. वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात ज्या महारपुऱ्याचे चित्रण केले, तो सीताबर्डीलगतचा. हे नाव तिथल्या माणसांनी हौसेने घेतलेले नव्हते. पत्ता सांगितला की जात कळे, आणि जात कळली की पुढची वागणूक ठरे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्या व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. निर्णय योग्यच होता. पण पाटी बदलताना जुन्या नावाची नोंद नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, इथे असे काही नव्हतेच.

रिझर्व्ह बँकेसमोरचा चौक आता संविधान चौक आहे. बाबासाहेबांच्या पुतळ्यामुळे हे नाव लवकर रुळले. एका चित्रपटगृहावरून पडलेले व्हरायटी चौक हे नाव मात्र तिथे गांधीजींचा पुतळा असूनही टिकून आहे.

आणि दीक्षाभूमी? १९५६ पूर्वी ते व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे एक मोकळे मैदान होते. लस तयार करणाऱ्या संस्थेवरूनच ती जागा ओळखली जाई. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ती जुनी खूण कोणाला सांगावी लागली नाही.