संशोधन किती मोठे, हे कसे मोजतात? महाडच्या विंचूदंशाची गोष्ट

औषधाच्या जाहिरातीत किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात हल्ली 'सायटेशन' आणि 'एच-इंडेक्स' असे शब्द दिसतात. आकडा मोठा म्हणजे संशोधक मोठा, असे आपण धरून चालतो. हा आकडा कुठून आला आणि तो नेमके काय मोजतो, ते आज समजून घेऊ.

युक्ती मुळात वकिलांची

एका शोधनिबंधाने दुसऱ्या निबंधाचा संदर्भ दिला, की त्याला सायटेशन म्हणतात. संदर्भांची सूची करण्याची पद्धत कायद्यातून आली. 1873 मध्ये अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी एक यादी छापायला सुरुवात केली. न्यायालयाच्या कोणत्या जुन्या निकालाचा पुढे कोणत्या निकालांत उल्लेख झाला, हे तिच्यावरून कळे. 1955 मध्ये युजीन गारफिल्ड यांनी विज्ञानासाठी अशीच सूची सुचवली आणि 1964 मध्ये त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू झाली. हेतू साधा होता: हवा तो निबंध चटकन सापडावा. पुढे त्याच सूचीवरून माणसेही मोजली जाऊ लागली.

2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स मांडला. एखाद्याच्या 10 निबंधांचा प्रत्येकी किमान 10 वेळा संदर्भ दिला गेला, पण 11 निबंधांना प्रत्येकी 11 संदर्भ मिळालेले नाहीत, तर त्याचा एच-इंडेक्स 10.

दुसरे मोजमाप म्हणजे सहकार्याचे जाळे. दोघांनी मिळून निबंध लिहिला, की त्यांच्या नावांमध्ये एक रेघ ओढायची. 2001 मध्ये मार्क न्यूमन यांनी वैद्यकातल्या सुमारे 15 लाख लेखकांचे असे जाळे तपासले. कोणत्याही एका लेखकापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी चार-पाच पावलांत पोहोचता येते, असे त्यांना आढळले.

मोजणीने न्याय दिला तेव्हा

कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये 'नेचर'मध्ये एकट्याच्या नावाने निबंध लिहिला. पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साठते, म्हणजे जंतूंनी सोडलेले विष हे जुलाबाचे कारण आहे, हे त्यांनी दाखवले. देशात त्यांचा फारसा सन्मान झाला नाही. 1985 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा संदर्भांवरून नकाशा मांडला आणि डे यांच्या कामाचे मोल सविस्तर लिहिले. म्हणजे ही मोजणी निरुपयोगी नाही. विसरलेले नाव ती वर आणू शकते.

मोजणीत न मावणारे काम

आता आपल्या राज्यातले उदाहरण. जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण तिथे येत आणि त्यातले बरेच दगावत. या विषामुळे शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. 1982 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. रक्तदाबावरचे स्वस्त प्राझोसिन हे औषध या दंशावर चालते, हे त्यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. सोबत नाव होते पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे.

पुढे 2011 मध्ये दोघांनी 70 रुग्णांवरची चाचणी 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेले 91 टक्के रुग्ण 10 तासांत लक्षणमुक्त झाले. नुसत्या प्राझोसिनवर हे प्रमाण 23 टक्के होते. पूर्वी सुमारे 40 टक्के असलेला मृत्युदर या उपचारांमुळे 1 टक्क्याच्या आसपास आला. 2022 मध्ये डॉ. हिम्मतराव यांना पद्मश्री मिळाली.

सहकार्याच्या जाळ्यात या निबंधांसाठी फक्त दोन ठिपके आणि एक रेघ दिसेल. विंचूदंश हा गरीब, उष्ण प्रदेशांतल्या शेतमजुरांचा आजार. त्यावर लिहिणारे मोजके, म्हणून संदर्भ देणारेही मोजके. कर्करोगावर किंवा मधुमेहावर हजारो जण लिहितात, तिथे आकडे आपोआप फुगतात. दोन वेगळ्या विषयांतले आकडे म्हणूनच शेजारी ठेवून तोलता येत नाहीत.

आणखी एक गंमत आहे. आपल्या केमचे कुंकू गावोगाव जाते, पण कपाळाला लावताना गावाचे नाव कोण घेतो? संशोधनाचेही तसेच. उपचार सर्वांच्या अंगवळणी पडला, की मूळ निबंधाचा संदर्भ द्यायचे लोक सोडून देतात. यश जितके पूर्ण, तितकी नोंद पुसट.

रुग्णाने काय पाहावे?

संशोधनाचा आकडा कोणी पुढे केला, तर चार प्रश्न विचारा.

1. अभ्यास माणसांवर झाला की प्रयोगशाळेत?
2. किती रुग्णांवर, आणि तुलना कशाशी केली?
3. दुसऱ्या कोणाला तसाच निष्कर्ष मिळाला का?
4. रुग्णाचा जीव वाचला, की फक्त तपासणीतला आकडा बदलला?

उल्लेख टीकेसाठीही होतो, स्वतःचाही करता येतो. एच-इंडेक्स हे सारे एकाच मापात मोजतो. तो किती लेखकांनी आठवण काढली ते सांगतो. किती रुग्ण घरी परतले ते सांगत नाही.

जाता जाता: विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे किंवा धाप यापैकी काही दिसले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. औषधाचा उपयोग जितका लवकर, तितका जास्त.