चाकांमधली दांडी

खळ्यातली मळणी ज्याने पाहिली आहे, त्याला मोटारीचे स्टीअरिंग समजायला फारसे कष्ट पडू नयेत. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो. पातीच्या कडेच्या बैलाला मात्र मोठा फेरा घ्यावा लागतो. मोटारीच्या पुढच्या चाकांचेही तसेच. वळणावर आतल्या चाकाचे वर्तुळ लहान, म्हणून ते अधिक वळले पाहिजे, बाहेरचे कमी. दोन्ही सारखीच वळली तर टायर रस्त्यावर घासत फरफटतात. हे नाते सांभाळते ती दोन चाकांना जोडणारी लोखंडी दांडी. तिलाच टाय रॉड म्हणतात.

आमच्या निफाडच्या बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिला चाके दोनच. बैल वळले की जू वळते आणि जुवामागे गाडी. चारचाकी घोडागाडीचा मात्र पुढचा अख्खा आख मधल्या खुंटीभोवती फिरवावा लागे. आख तिरका झाला की गाडीचा आधार अरुंद होतो आणि जोरात वळताना ती कलंडते. ऊस वाहणाऱ्या चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आख आजही याच जुन्या चालीने फिरतो. तिच्यामागे मी चार हात अंतर ठेवून असतो, ते उगाच नव्हे.

आख जागच्या जागी ठेवून नुसती चाके वळवावीत, हा विचार इंग्लंडात इरॅस्मस डार्विन यांना १७५९ च्या सुमारासच सुचला होता. हे चार्लस डार्विनचे आजोबा, पेशाने डॉक्टर, सदा गाडीतून रोग्यांकडे हिंडणारे. १७६८ मध्ये गाडीतूनच पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. पुढे म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने ही युक्ती १८१६ च्या सुमारास नव्याने सिद्ध केली आणि लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. आकरमान चित्रांचा नामांकित प्रकाशक. परिणाम असा की आजही जगभर नाव चालते ते आकरमानचे. कारागिराला कोण विचारतो!

१८१८ हे साल आपण पेशवाई बुडाल्याचे म्हणून पाठ केलेले. त्याच वर्षी इकडे मालेगावच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला होता, आणि तिकडे हा कागद दप्तरी दाखल होत होता. पण घोड्याच्या चालीला त्याची निकड भासली नाही. १८४२ मध्ये न्यायमूर्ती रानडे निफाडास जन्मले, तेव्हा ते पेटंट चोवीस वर्षांचे होऊन जवळजवळ अडगळीत पडले होते. १८७३ मध्ये फ्रान्सच्या आमेदे बोले याने आपल्या वाफेच्या गाडीला असले स्टीअरिंग बसवले. कार्ल बेंझने १८८६ ची पहिली मोटार तीनचाकी केली, कारण पुढची दोन चाके नीट वळवण्याचा तिढा त्याला सुटला नव्हता. तो सुटला १८९३ मध्ये; मग त्याची गाडी चारचाकी झाली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या विलिस जीप गावोगाव पोचल्या. त्यांत ही दांडी एक नसून दोन तुकड्यांची असे. म्हणजे झिजायला चार सांधे. झिजतो तो सांधाच, दांडी सहसा नाही. टोकाशी वाटीत गोळा फिरतो, वर रबरी टोपी. टोपी फाटली की ग्रीस जाते आणि धूळ शिरते. द्राक्षांच्या हंगामात मळ्यातल्या वाटांवरून भरलेली पिकअप आग्रा रोडला येते, तेव्हा असा सांधा निखळला तर एक चाक डावीकडे बघते, दुसरे उजवीकडे, आणि हातातले स्टीअरिंग नुसते शोभेचे उरते.

तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर, खाली ठोकळे. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. खेळ लागला तर दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवून तो तिथलाच का, ते पाहावे. बारा आणि सहाच्या जागी हलले तर दोष बहुधा बेअरिंगचा किंवा खुंटीचा. टोक बदलताना हातोडा बोल्टच्या तोंडावर नव्हे, डोळ्याच्या कडेवर मारायचा. जुने टोक किती फेऱ्यांत निघाले ते मोजायचे, नवे तितक्याच फेऱ्यांत बसवायचे. मग चाकांची रोख सुतळी ताणून किंवा यंत्रावर तपासायची. नटाची स्प्लिट पिन मात्र नवीच हवी. जुनी सरळ करून पुन्हा घालणाऱ्या मिस्त्रीकडून मी गाडी हलवीत नाही.