विद्यार्थ्याचे चित्र आणि गुरूचे नाव

चित्रशाळेतून बाहेर पडणारा तरुण आज आपल्या चित्रांचा संच बगलेत घेऊन उमेदवारीस निघतो. त्या संचास तो पोर्टफोलिओ म्हणतो, आणि त्यातील प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव घालण्यास चुकत नाही. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की, या कोपऱ्यालाही काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास आपल्याकडे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत घडला, आणि त्याचा आरंभ नाव नसलेल्या चित्रांनी झाला.

जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्च महिन्यात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शाळेचे वर्ग सुरू झाले. १८६५ साली विलायतेहून दोन तरुण शिक्षक आले. एक लॉकवुड किपलिंग, ज्यांचा त्याच वर्षी मुंबईत जन्मलेला मुलगा रडयार्ड पुढे बापापेक्षा प्रसिद्ध झाला. आणि दुसरे जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग १८७५ साली लाहोरास गेले. ग्रिफिथ्स मात्र मुंबईतच राहिले, आणि आम्हांस येथे सांगावयाची हकीकत त्यांच्या विद्यार्थ्यांची आहे.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचा उद्योग ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे केला होता. त्या नकला लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. काम पुन्हा आरंभापासून करणे प्राप्त झाले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या निवडक विद्यार्थ्यांसह हिवाळ्याच्या दिवसांत अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही त्यांतील काही नावे. अशा रीतीने सुमारे तीनशे चित्रे तयार झाली.

नक्कल म्हटली म्हणजे आपण नाक मुरडतो. त्यात कसली आली प्रतिभा, असे आपणांस वाटते. परंतु त्या मुलांपुढे काय होते, याचा क्षणभर विचार करावा. गुहेत प्रकाश दारातून येईल तेवढाच. भिंतीवरचा गिलावा ठिकठिकाणी सुटलेला, वरून धुराचे आणि वटवाघळांचे थर. एखाद्या राजकन्येचा खांदा दिसतो, हात दिसतो, आणि मधली रेघ गिलाव्याबरोबर गळून पडलेली! ती रेघ तेथे होती असे मानून ओढावयाची की जागा रिकामी सोडावयाची, हा निर्णय शेवटी कुंचला धरणाऱ्या हातालाच करावा लागतो. छताची नक्षी उतरणाऱ्याची मान तासन् तास वर वळलेली. आणि ज्या भिंतीवर मूळ कारागिरांनी कोरड्या गिलाव्यावर साध्या रंगांनी काम केले, तिचा भाव विलायती तैलरंगांत कापडावर आणावयाचा. ही कसोटी लहान नव्हती. मूळ चित्रे नीट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासण्यात आले आणि ते पुढे पिवळे पडून अपाय झाला, हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु अजिंठ्याचे जे तुकडे नंतर भिंतीवरून नाहीसे झाले, त्यांस आज साक्ष आहे ती या विद्यार्थ्यांच्या कापडांचीच.

तीही पुरती उरली नाही. चित्रे लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे पाठविली गेली आणि १८८५ च्या आगीत त्यांतील पुष्कळ नष्ट झाली. एकाच लेण्यांच्या नकला दोनदा जळाव्यात, आणि दोन्ही वेळा लंडनमध्ये, हा योगायोग विलक्षण खरा! उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६–९७ साली या श्रमांचा भव्य ग्रंथ दोन खंडांत निघाला. ग्रंथकर्ता म्हणून नाव ग्रिफिथ्सचे. त्यांनी योजना केली, देखरेख केली, तेरा वर्षे हा ध्यास सोडला नाही. तेव्हा ते नाव अन्यायाने आले असे आम्ही म्हणणार नाही. पण ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ हा शब्दप्रयोग जो रूढ झाला, त्यात करणारे हात पुसले गेले, हेही तितकेच खरे.

दगडातही तेच झाले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ पासून दहा वर्षे चालले. शिल्पज्ञ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव शाळकरी मुलांसही पाठ असते. त्या इमारतीवरील पाने, वेली, पशुपक्षी यांचे पुष्कळसे नक्षीकाम याच कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणविणाऱ्या त्या वास्तूत रोज लाखो माणसे ये-जा करतात. एवढे मोठे प्रदर्शन कोणत्या विद्यार्थ्याच्या वाट्यास आले असेल? आणि त्यात एकाचीही सही नाही.

पेस्तनजी बोमनजींनी पुढे पारशी घरांतील माणसे तैलरंगांत रंगविली आणि नाव मिळविले. अजिंठ्याची रेघ त्यांच्या त्या चित्रांत शोधूनही फारशी सापडत नाही. आमच्या मते यात नवल नाही. जे काम दुसऱ्याच्या योजनेत, दुसऱ्याच्या नावासाठी होते, ते हाताला वळण लावते. मनात घर करीलच असे नाही.

बदल दिसतो तो पुढच्या पिढीत. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली शाळेत दाखल झाले. ग्रिफिथ्स तेव्हा शाळेतच होते. गुरू तेच, शिस्त तीच. परंतु मध्यंतरी, १८८८ साली, बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली होती, आणि तिच्या प्रदर्शनात चित्र ज्याचे त्याच्या नावाने टांगले जाई. १८९५ साली धुरंधरांना तेथे सुवर्णपदक मिळाले. चांगला गुरू शाळेत होताच. उणीव होती ती शाळेबाहेरच्या अशा एका भिंतीची. पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

यापुढे त्यांचे चित्र पुस्तकांतून व पोस्टकार्डांवरून घरोघर गेले. एडवर्ड्सचे मुंबईवरील पुस्तक १९१२ सालचे, किंकेडने इंग्रजीत आणलेल्या आपल्या व्रतकथा १९१४ च्या, रॉथफेल्डचे हिंदी स्त्रियांवरील पुस्तक १९२० चे. लेखक तिन्ही ठिकाणी साहेब, पण चित्रे धुरंधरांची, आणि ती त्यांची म्हणूनच ओळखली गेली. त्यांची ती सुवाच्य सही, पुष्कळदा तारखेसकट, पाहणाऱ्याला शोधावी लागत नाही. शाळेतील एकेचाळीस वर्षांची हकीकत त्यांनी १९४० साली मराठीत स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. जयराव राघोबांच्या हाताचे अजिंठा पाहावयाचे तर मात्र अजून लंडनच गाठावे लागते.