रात्रपाळीला माणूस कोण देणार?

गोदामांसाठी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांत 'लेबर प्लॅनिंग' नावाचा एक भाग असतो. उद्या रात्री किती ट्रक लागणार, किती पेट्या उतरणार, एक माणूस तासाला किती पेट्या उचलतो... भागाकार केला की आकडा येतो. समजा ४२. झालं! बेचाळीस माणसं रात्री दहाला गोदामाच्या दारात हजर पाहिजेत. असल्याच एका सॉफ्टवेअरवर मी तीनेक वर्षं काम करतोय, आणि हा भागाकार त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड प्रश्न पुढचे. ही माणसं येतात कुठून? आणि ज्या रात्री आकडा ४२ ऐवजी १२ येतो, त्या रात्री उरलेले तीस जण काय करतात?

पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर मला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझं आजोळ माण तालुक्यातलं. आजोळी गेलं की अमक्या मामाची चौकशी करायची आणि आजीने "त्यो मुंबैला हाय" म्हणायचं, हे ठरलेलं.

ज्यांना माण कुठे आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी: सातारा जिल्ह्याची पूर्व बाजू, दहिवडी-म्हसवडचा भाग, माणगंगेचं खोरं. याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणमध्ये पडतो पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या लहरीने. १९७२चा दुष्काळ अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला, पण इथे लहानमोठा दुष्काळ दर काही वर्षांनी येतोच. मग बायका, म्हातारी माणसं आणि जनावरं गावात, आणि कर्ता पुरुष बाहेर. कोणी सोन्या-चांदीच्या गलाईसाठी पार दुसऱ्या राज्यात, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. आणि पाटण, जावळी, खटावच्या लोकांबरोबर पुष्कळसे मसजिद बंदर, दाणाबंदरच्या वखारींत हमालीला.

आता भरतीची पद्धत बघा. एचआर नाही, जाहिरात नाही, मुलाखत नाही. मुकादम असायचा, बहुधा आपल्याच गावचा किंवा पंचक्रोशीतला. त्याची टोळी असायची. पेढीवरून निरोप आला, "रात्री तीन ट्रक लागतायत", की मुकादम माणसं उभी करायचा. मुंबईला सकाळी भाजी हवी तर ती रात्रीच उतरली पाहिजे, हे साधं गणित आहे. शंभर किलोचं पोतं पाठीवर, आणि मजुरी नगावर. राहायला गावकीची खोली. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. म्हणजे पाळ्या फक्त कामाला नव्हत्या, झोपेलाही होत्या!

ही व्यवस्था चालायची झकास. ट्रक कधी रिकामा व्हायचा राहिला नाही. गोची एकच होती, की या हमालाला मालकच नव्हता. रात्रीत तो चार पेढ्यांचा माल उतरवायचा, उद्या आणखी दुसऱ्या चार. अपघात झाला, म्हातारपण आलं, की प्रत्येक व्यापारी म्हणणार, "हा माझा माणूस नाही." गंमत म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं खरंच असायचं. रोज येईल न येईल अशा ट्रकसाठी एकटा व्यापारी वीस माणसं कायम पगारावर कशी ठेवणार?

ही गाठ सोडवली ती १९६९च्या माथाडी कायद्याने. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि त्यांनी १९६४ मध्ये उभी केलेली माथाडी युनियन होती. अण्णासाहेब पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे, म्हणजे साताऱ्याचेच. कायद्याने या लोकांना शब्द दिला 'असंरक्षित कामगार', आणि मग संरक्षणाची सोय केली. ती अशी, की एका धंद्यातले सगळे व्यापारी आणि सगळे हमाल एकाच मंडळाकडे नोंदवायचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. हमाल कुणाचा? मंडळाच्या वहीतला. म्हणजे सगळ्यांचा.

इंजिनियरच्या डोक्याला हे चटकन पटतं. एका पेढीवरचं काम रोज वरखाली होतं, पण शंभर पेढ्यांची बेरीज बरीच स्थिर असते. मग चढउताराचा धोका एकट्या हमालाच्या पाठीवर का टाकायचा? तो वाटून घ्या. कल्पना अगदी नवी नव्हती. जहाजं कधी येतील याचा नेम नाही म्हणून ब्रिटनने १९४७ मध्ये गोदी कामगारांसाठी असंच केलं होतं, आणि भारतात गोदी कामगारांचा कायदा १९४८ मध्ये झाला. महाराष्ट्राने ती कल्पना गोदीच्या फाटकाबाहेर, वखारीत आणि बाजारात आणली. पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेला, आणि घणसोली-कोपरखैरणेत माथाड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. झोपेची पाळी लावणाऱ्याच्या पोराला स्वतःची खोली मिळाली. छोटी गोष्ट नाही ही.

सगळं गोडगोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. काम नसलेल्या रात्रीची मजुरी बुडतेच. नोंदणीच्या आतला आणि बाहेरचा अशी भिंत तयार झाली. माथाडीच्या नावाखाली माल न उचलताच पैसे मागणाऱ्या टोळ्या निघाल्या, उद्योजकांची तक्रार असते ती त्यांच्याबद्दल, आणि ती खोटी नाही. त्यामुळे कायद्यातून पळवाट शोधणाऱ्यांना आयतं कारणही मिळालं.

आणि आता भिवंडी. एकेकाळी मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून वाढलेला गोदामांचा पट्टा, २०१७च्या जीएसटीनंतर आणि ऑनलाइन खरेदीमुळे आणखी पसरला. आपण रात्री अकराला क्लिक करतो, सकाळी पेटी दारात. मधल्या रात्री कुणीतरी जागं असतं. तो आता माणचा असेलच असं नाही. बिहारचा असेल, झारखंडचा, नाहीतर मराठवाड्याचा. मुकादमाच्या जागी कंत्राटदार आला, निरोपाच्या जागी मोबाइलवर मेसेज. दिवाळीच्या सेलला आकडा दुप्पट, दिवाळी झाली की निम्मा. आणि "हा माझा माणूस नाही" हे वाक्य जसंच्या तसं परत आलं!

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या आली, आणि ज्यांच्या ॲपवर ते काम करतात त्या कंपन्यांनी उलाढालीचा एक-दोन टक्का निधीत भरायचा असं ठरलं. मला त्यात लेव्हीचीच ओळखीची चाल दिसते. फरक इतकाच, की १९६९चा कायदा स्वतः पोती उचलणाऱ्यांनी रस्त्यावर येऊन मिळवला होता, आणि टोळी एका गावची असल्यामुळे त्यांना एकत्र यायला वेळ लागला नाही. आजच्या बेचाळीस जणांना एकमेकांची नावंही माहीत नसतात. आमच्या प्रोग्रॅमला तर नाहीतच. त्याला फक्त आकडा कळतो.

असो. उशीर झालाय. आज रात्रीही कुठेतरी ट्रक लागला असेल.