नियंत्रित प्रयोग

नियंत्रित प्रयोग म्हणजे एका वेळी एकच घटक बदलून व उर्वरित घटक स्थिर ठेवून केलेला वैज्ञानिक प्रयोग होय. दिसून आलेला परिणाम नेमक्या कोणत्या कारणामुळे घडला, हे ठरवणे हा त्याचा उद्देश असतो.

इतिहास

कुजणाऱ्या मांसातून अळ्या आपोआप निर्माण होतात, असा पूर्वी समज होता. इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांसाची काही पात्रे उघडी, तर काही बंद ठेवली. अळ्या केवळ उघड्या पात्रांत आढळल्या. बंद पात्रांत हवा नसल्यामुळे अळ्या झाल्या नसाव्यात, ही शंका उरू नये म्हणून त्यांनी काही पात्रांवर बारीक जाळीचे कापड बांधले. हवा आत जात असूनही त्या मांसात अळ्या झाल्या नाहीत.

ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून मूळ आहार समान ठेवला व प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली.

चल

प्रयोगकर्ता जो घटक हेतुपुरस्सर बदलतो तो स्वतंत्र चल, ज्याचे मापन होते तो अवलंबी चल आणि जे घटक स्थिर ठेवले जातात ते नियंत्रित चल होत.

शालेय उदाहरण

लंबकाच्या दोलनकालावर गोळ्याच्या वस्तुमानाचा परिणाम होतो का, हे तपासताना वस्तुमान हा स्वतंत्र चल असतो. लंबकाची लांबी टांगणबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. त्यामुळे दोरा तोच ठेवून मोठा गोळा लावल्यास लांबीही नकळत वाढते आणि निष्कर्ष चुकतो. समान आकाराचे, पण भिन्न धातूंचे गोळे वापरल्यास हा दोष टळतो. एका दोलनाऐवजी २० दोलनांचा एकूण वेळ मोजून त्यास २० ने भागल्यास घड्याळ सुरू व बंद करताना होणारी ०.२ सेकंदांची त्रुटी प्रतिदोलन ०.०१ सेकंदावर येते.

पुनरावृत्ती व यादृच्छिकीकरण

एकच मापन योगायोगाने चुकीचे असू शकते, म्हणून मापनांची पुनरावृत्ती आवश्यक ठरते. रोपांसारखे नमुने मुळातच भिन्न असल्यास त्यांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकून करतात. या तत्त्वाचे विवेचन रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात केले आहे.

निष्कर्ष

गृहीतक चुकीचे ठरल्यास प्रयोग अयशस्वी झाला असे होत नाही. लंबकाच्या प्रयोगात वस्तुमानाचा परिणाम न आढळणे हाच महत्त्वाचा निष्कर्ष आहे. अपेक्षेशी न जुळणारी निरीक्षणे गाळल्यास मात्र प्रयोगाची विश्वसनीयता नष्ट होते.