तराजू आणि जीभ



माझे शिक्षण रात्रशाळेपुढे गेले नाही. पुढचे सारे कामगार चळवळीत झाले. यंत्राला कुंपण असावे, मजुरीचा हिशेब चोख असावा, यासाठी आम्ही सरकारकडे कायदेच मागत आलो. म्हणून इंटरनेटवर नियंत्रण असावे काय, असे कोणी विचारले की मी उलट विचारतो: नियंत्रण कशावर? व्यापाऱ्याच्या तराजूवर की माणसाच्या जिभेवर?

जिभेवरच्या नियंत्रणाचा आपला अनुभव जुना आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी खास कायदा केला. मॅजिस्ट्रेटने जामीन मागावा, छापखाना जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयात दाद नाही. इंग्रजी पत्रे मात्र मोकळी! १८८२ साली लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. तरी स्वराज्यात, २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ आले. 'त्रास', 'गैरसोय' अशा मोघम शब्दांवर ३ वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. मताची चर्चा किंवा पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला.

आता तराजू पाहा. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत ठरावीक संकेतस्थळे फुकट मिळत, बाकीच्यांना पैसे पडत. फुकट कोणाला नको? पण मुकादमाच्याच दुकानातून बाजार भरणाऱ्या मजुराला असल्या सवलतीची किंमत ठाऊक असते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. या नियंत्रणाने कोणाचे तोंड बांधले नाही. ग्राहकाची निवड मात्र राखली.

परंतु निकालाने काम संपत नाही. रद्द झालेल्या ६६-अ खाली पोलीस गुन्हे नोंदवीतच राहिले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले आणि २०२२ साली पुन्हा आदेश द्यावा लागला. करार झाला की आम्ही त्याची प्रत खात्याखात्यांत लावतो. नाहीतर मुकादम जुन्याच दराने हजेरी मांडतो. हा निकालही तसाच घरोघरी, आणि पोलीसचौकीतही, पोचवायला हवा.